मन बिघडलं की आधी ताट बघ

पोरी, योगवर्गात पंचकोश शिकवले म्हणालीस. छान. पण नुसती नावं पाठ करू नकोस, ते रोज वापर.

तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत ते येतात: अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय, एकाच्या आत एक. सगळ्यांना घाई थेट आनंदमयाची. पुढची भृगुवल्ली कोण वाचतंय? तिथे वरुणाचा मुलगा भृगू तप करत करत अन्नापासून आनंदापर्यंत पोचतो. आणि मग सांगणं काय, तर अन्नाला नावं ठेवू नये, ते टाकू नये, भरपूर पिकवावं, दारी आलेल्याला परत लावू नये. एवढं चढून गेल्यावर पुन्हा पानावरच आणून बसवलंय! मला हे फार आवडतं.

तेव्हा चिडचिड झाली की लगेच 'माझा स्वभावच असा' म्हणू नकोस. दुपारी जेवलीस का, ते आठव. चहा-बिस्किटावर दिवस काढायचा आणि संध्याकाळी आईवर खेकसायचं, यात मनोमयाचा काय दोष? आधी वरणभात खा. मग हवं तर भांड.

पोटात असूनही जीव घाबरा होत असेल तर श्वास बघ. खांदे वर चढलेले, दात आवळलेले, श्वास छातीतल्या छातीत. सावकाश घे, आणि घेतलास त्याहून सावकाश सोड. दहा-बारा वेळा पुरे. कोंडून मात्र धरायचा नाही, कुंभक शिकवणाऱ्यासमोरच. आणि एवढं करूनही आठवडेच्या आठवडे रडू थांबेना, तर सरळ डॉक्टर गाठ. गोळी घेतली म्हणून साधना बाटत नाही.

विज्ञानमय म्हणजे ठरवणारी बुद्धी. उपनिषदाने प्रत्येक कोश पक्ष्यासारखा मांडलाय. याचं डोकं श्रद्धा, उजवा पंख ऋत, डावा सत्य, आणि धड योग! तुमच्या वर्गात हे सांगतात का गं? या बुद्धीला थकलेली असताना कामाला लावू नये. राजीनामा रात्री अकराला लिहायचा नाही. सकाळी आंघोळ करून, खाऊन लिही.

आनंदमयाबद्दल मी काय बोलणार! वेदान्ती त्याची सांगड गाढ झोपेशी घालतात, एवढं ठाऊक आहे. म्हणून तो मोबाईल उशाशी नको. स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव, आणि गजराला माझं जुनं घड्याळ घेऊन जा. रोज किल्ली द्यावी लागते, आणि पाच मिनिटं पुढे आहे.