पेटीतली जादा गोधडी



होळी आणि आपला प्रायश्चित्तकाळ बहुतेक वर्षी एकत्र येतात. काठीची राजवाडी होळी पाहायला दूरदूरचे लोक येतात. मोरपिसांचे टोप, कमरेचे भोपळे, पहाटे पेटणारी होळी यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात. त्या छायाचित्रांत न दिसणारी गोष्ट आपल्याला मात्र ठाऊक आहे. नवस घेतलेली माणसे त्या दिवसांत कडक नेम पाळतात. ती जमिनीवर झोपतात, खाटेवर बसत नाहीत. घरात खाट असते, तरीही.

या ‘तरीही’त आजचा विषय आहे. शहरांत हल्ली घरातला पसारा कमी करा, मोजक्या वस्तूंत जगा, असे सांगणारी पुस्तके खपतात. जपानच्या मारी कोंडो यांचे सांगणे असे की, प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहावी आणि जी आनंद देत नाही ती काढून टाकावी. ज्यांची कपाटे भरून वाहतात त्यांना हा सल्ला ठीक आहे. पण ज्याच्याकडे खाटच नाही त्याला जमिनीवर झोपण्याचे पुण्य कोणी शिकवू नये. सद्गुणाला निवड लागते, असे ॲरिस्टॉटलने फार पूर्वी मांडले. गरिबी लादलेली असते, साधेपणा निवडलेला असतो. दोन्ही घरे बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून उपदेश करणाऱ्याची फसगत होते.

आणि साठवण म्हणजे पसारा नव्हे. सातपुड्यात पावसाचे चार महिने कसे जातात हे आपण जाणतो. कणगीतली ज्वारी, आढ्याला टांगलेली बियाण्याची मक्याची कणसे, वाळवलेले आमचूर यांना कोणी अडगळ म्हणणार नाही. शुभवर्तमानातल्या मूर्ख धनवानाची चूक (लूक १२) धान्य ठेवण्यात नव्हती. त्याच्या साऱ्या बोलण्यात ‘माझे’ सोडून दुसऱ्या कोणाचे नाव नव्हते, ती त्याची चूक.

मग आपल्याला सोडण्यासारखे काय आहे? मला वाटते, उसनवारीने आलेली वस्तू. ऊसतोडीला गुजरातेत जाणारी कुटुंबे पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतात. तिचा पुष्कळ भाग धान्य आणि दवाखान्यात जातो. त्यावर बोट ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण लग्नातला डीजे, हप्त्यावरची दुसरी मोटारसायकल, शेजाऱ्याने घेतला म्हणून घेतलेला मोठा मोबाईल यांचे काय? या वस्तूंची किंमत रुपयांत मोजून भागत नाही. पुढच्या हंगामाचे किती दिवस कोयता चालवून ती फिटेल, हे मोजावे. वस्तू घरात येते आणि माणूस घराबाहेर जातो. मुलांची शाळाही त्याच्याबरोबर सुटते. विकत घेण्याआधी हा हिशेब नवरा-बायकोने एकत्र बसून करावा. बायकांना तो बहुधा आधीच कळलेला असतो.

जे खरोखर जादा आहे त्याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण कठोर आहे. पेटीत पडून राहिलेला अंगरखा उघड्या माणसाचा आहे, असे संत बेसिल यांनी चौथ्या शतकात बजावले. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात तेच तर्काने मांडले: गरजेपेक्षा अधिक असलेल्यावर गरजूचा निसर्गनियमानेच हक्क असतो. म्हणजे जादा गोधडी दिली तर आपण दाता ठरत नाही. ज्याचे त्याला पोहोचवतो इतकेच.

इथे एक कडवट गोष्ट सांगतो. आपल्या डोंगरात शहरांतून जुन्या कपड्यांची पोती येतात. काही कपडे चांगले असतात, काही फाटके, बटण नसलेले, न धुतलेले. पाठवणाऱ्याचे कपाट रिकामे होते, घेणाऱ्याच्या हाती कचरा येतो. दिल्लीत १९९९ साली सुरू झालेल्या ‘गुंज’ या संस्थेने कपडे भीक म्हणून वाटण्याऐवजी गावाने केलेल्या कामाचा मोबदला म्हणून देण्याची रीत घातली, ती यासाठीच. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये.

आपणही या प्रायश्चित्तकाळात काही देणार असाल तर कपडा आधी धुवा, उसवलेले शिवा. तो आपल्या मुलाच्या अंगावर घालून मिस्साला आणता येईल का, ते पाहा. गोधडी द्यायची असेल तर थंडी सरली म्हणून पुढच्या वर्षावर टाकू नका. जूनमध्ये कूड ओला झाला की गळक्या घरांत तिची गरज पुन्हा लागते. आणि देताना शक्यतो संध्याकाळी, एकट्यानेच जा.