आधी एसी बंद, मग थ्रॉटल

बेटा, लायसन्स हातात आलं, आता तू माझं विमान नेणार. नकाशा, रेडिओ, वारा हे तुझ्या इन्स्ट्रक्टरनं शिकवलंय, त्यात मी तोंड घालत नाही. पण तू शिकलीस नोव्हेंबर ते एप्रिल. फिनिक्सचा जून तू अजून पाहिलेला नाहीस. अकोल्याच्या मुलीला उन्हाचं काय सांगता मामा, असं म्हणशील. इथे आलो तेव्हा मीही तेच म्हणत होतो. २०२३ साली या गावात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. असलं ऊन अकोल्यात आपण घरात, वाळ्याच्या ताट्यांआड काढतो. इथे तू त्याच उन्हात, चहूकडून काचा असलेल्या पत्र्याच्या डब्यात बसणार आणि तिथे बसून डोकं शाबूत ठेवणार. म्हणून हे चार शब्द.

विमानाला एसी आहे म्हटल्यावर तुझा चेहरा उजळला होता. लावायचाच तो, त्यासाठीच बसवलाय. पण तो कशावर चालतो ते आधी ध्यानात घे. घरचा एसी भिंतीतल्या विजेवर चालतो. याचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. म्हणजे प्रोपेलरला जायची ताकद थोडी तो खातो. आत गोळा झालेली उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर विमानाच्या पोटाखाली एका झाकणावर आहे. एसी लावला की ते झाकण खाली उघडतं आणि वाऱ्याला आडवं येतं. थ्रॉटल पूर्ण पुढे गेला की एक लहानसा स्विच कॉम्प्रेसरला इंजिनापासून सोडवतो आणि झाकण आपोआप मिटतं. पॅनेलवर त्याचा एक दिवा आहे. दिवा लागलेला असेल तर झाकण उघडं आहे असं समज.

आता त्या दिव्याची गोष्ट. आजवर ती फक्त तुझ्या मामीला ठाऊक आहे, कारण ती शेजारी बसली होती.

जुलै महिना, भर दुपार, सेडोना. ती धावपट्टी पाहिली नसशील तर पाचगणीचं टेबललँड डोळ्यांसमोर आण. तसल्याच सपाट माथ्याच्या डोंगरावर, ४८३० फुटांवर, जेमतेम ५१०० फूट लांबीची पट्टी, आणि टोकाला कडा. त्या दिवशी पारा ३८ वर होता. तापलेली हवा विरळ होते. तेवढ्या उन्हात तिथली हवा पंखांना आणि इंजिनाला जवळपास पावणेनऊ हजार फुटांवरची भासते. तू हिशेब मांडून पाहा. त्या उंचीला हवा ५ अंशांची असायला हवी, ती ३३ अंशांनी जास्त तापलेली, आणि दर अंशामागे १२० फूट धर. मामीला उकडत होतं म्हणून टॅक्सी करताना मी एसी चालूच ठेवला. आपोआप सुटणार आहेच, या भरवशावर. थ्रॉटल पुढे ढकलला, विमान धावू लागलं, आणि दिवा विझला नाही. मी तो पाहिला, बेटा. पाहिला आणि धावतच राहिलो. पट्टी संपत आली तेव्हा चाकं उचलली. पुढे कडा होता म्हणून खाली जागा मिळाली. त्या हवेत माझं विमान मिनिटाला जेमतेम चारशे फूट चढतं, आणि झाकण उघडं राहून कॉम्प्रेसर ओढत राहिला तर त्यातले शंभर फूट जाऊ शकतात, असं विमानाच्या पुस्तकात लिहिलंय. मी ते पुस्तक वाचलेलं होतं. हात लांब करून एसी बंद करायला मला किती वेळ लागला हे आठवलं की अजून लाज वाटते.

म्हणून माझा हात आता आपोआपवर विसंबत नाही. धावपट्टीवर वळण्याआधी एसीचा खटका बंद, दिवा विझल्याची खात्री, मग थ्रॉटल. निघण्यापूर्वीच्या तपासणीतही एकदा एसी लावून दिवा लागतो का, बंद करून विझतो का, ते बघ. विझत नसेल तर मेकॅनिककडे ने आणि गाडीनं घरी ये. उतरतानाही धावपट्टीच्या फेरीत शिरलीस की एसी बंद. ऐनवेळी पुन्हा उडावं लागलं तर सगळी ताकद हाताशी हवी.

मग एसी लावायचा कधी? जमिनीवर, आणि खाली उतरू लागताना. वर त्याची फारशी गरज पडत नाही, कारण वरची हवाच गार असते. दर हजार फुटांमागे २ अंश पारा उतरतो, कोरड्या तापलेल्या दुपारी जवळजवळ ३. आपल्या विमानतळावर ४२ असेल तर साडेनऊ हजारांवर तू विशीत असतेस. झरोके उघड आणि गार वारा घे, पैसा लागत नाही. पहाटे मात्र कधी उलटा प्रकार होतो. वाळवंटातली जमीन रात्री लवकर निवते, म्हणून चाकांपाशी गार आणि दोन हजार फुटांवर उबदार. तेव्हा गोंधळू नकोस.

इंजिन सुरू करण्याआधी दार सताड उघडं ठेव. कोंडलेली हवा बाहेर पडल्याशिवाय एसी लावणं म्हणजे तापलेल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा. टॅक्सी करताना दार फटभर उघडं ठेवायची इथे सगळ्यांना सवय आहे, मलाही आहे. पण या विमानाच्या दाराला दोन कड्या आहेत, एक बाजूला आणि एक वर. वरची विसरते. उडाल्यावर दार फडाडून उघडलं तर घाबरू नकोस. ते फार उघडत नाही, विमान उडत राहतं. दार ओढायला वाकू नकोस. फेरी पूर्ण कर, उतर, मग लाव. आणि रांगेत थांबावं लागलं तर नाक वाऱ्याकडे कर. हे इंजिन वाऱ्यानंच निवतं.

तुझ्या मैत्रिणीच्या विमानाला एसी नाही, ती बर्फाची पेटी वापरते, ते मी पाहिलं. वाईट नाही. पेटीतलं गार पाणी एका जाळीतून फिरतं आणि पंखा त्यातून हवा ओढतो. पण त्याची झेप ओळखून घे. १५ किलो बर्फ वितळून मिळणारी थंडाई म्हणजे एक टनाच्या एसीची साधारण २५ मिनिटं. (एसीचा ‘टन’ मुळात बर्फाचाच, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला लागणारी उष्णता.) तेवढ्यात टॅक्सी आणि चढण निभते, आणि तेवढंच हवं असतं. पेटीचं वजन हिशेबात धर, मागच्या सीटला पट्ट्यांनी करकचून बांध. बर्फाऐवजी ड्राय आइस भरावा असं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हण. त्याचा कार्बन डायऑक्साइड बंद केबिनमध्ये भरत जातो आणि तुझी शुद्ध हरपू शकते. अकोल्याचा डेझर्ट कूलर लहान करून विमानात लावणारेही इथे आहेत. जूनच्या कोरड्या हवेत तो मस्त चालतो, पण जुलैत इथलाही मॉन्सून येतो आणि दमट हवेत कूलर काय करतो ते तुला सांगायला नको.

शरीराचं आता. वर जाऊन लघवीची पंचाईत नको म्हणून उडण्याआधी पाणी न पिणारे पायलट मी खूप पाहिले, तरुणपणी मीही त्यातलाच. उष्णता डोक्यात चढते ती कळत नाही. आधी चिडचिड होते, मग रेडिओवरचं वाक्य दुसऱ्यांदा विचारावं लागतं, मग आकडे उलटसुलट ऐकू येतात. असं दोनदा झालं की जवळच्या विमानतळावर उतर. आदल्या रात्रीपासून पाणी पी. अंगात सुती कपडे. नायलॉन आगीत वितळून कातडीला चिकटतं. अकोल्यात आपण बांधतो तसा पांढरा दुपट्टा भिजवून मानेभोवती ठेव.

टॅबलेट काचेखाली उन्हात ठेवू नकोस. तापला की तो स्वतःच बंद पडतो, आणि त्यात तुझा सगळा नकाशा असतो. झरोक्यासमोर लाव आणि कागदी नकाशा जवळ असू दे. उतरल्यावर काचांना आतून चांदीचे पडदे लाव, आणि सीटबेल्टची बकलं उशीखाली सरकव. दुपारी परत येशील तेव्हा ती बोटं भाजतात.

किल्ली माझ्या दारामागच्या खिळ्याला आहे, पडदे डिक्कीत. शनिवारी पहाटे साडेचारला निघ, पाच-सव्वापाचला उजाडतं. अकराच्या आत परत जमिनीवर ये, त्यानंतर हवा उकळू लागते आणि विमान हिंदकळतं. मामी ताकाचा थर्मास भरून ठेवणार आहे. तो रिकामा परत आण.