बिछडीच्या विहिरी : भूजलप्रदूषणाचा एक अभ्यास

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचे एक गाव आहे. पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख क्वचितच आढळेल. परंतु स्वतंत्र भारतातील भूजलप्रदूषणाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास या गावाच्या विहिरींना टाळून पुढे जाता येणार नाही, असे आमचे मत आहे.

गावालगतच्या कारखान्यांच्या आवारात सिल्व्हर केमिकल्स ही कंपनी ‘एच ॲसिड’ तयार करीत असे. रंगनिर्मितीत लागणारे हे रसायन केवळ निर्यातीसाठी होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आकडे नोंदलेले आहेत : ३७५ टन उत्पादनामागे ८,२५० घनमीटर सांडपाणी, २,२५० टन जिप्समयुक्त गाळ आणि सुमारे १९५ टन लोहयुक्त गाळ. म्हणजे एक टन मालामागे साडेसहा टन गाळ! माल परदेशी गेला, गाळ बिछडीत राहिला. सांडपाणी प्रक्रियेविना बाहेर सोडले गेले, गाळ उघड्यावर टाकला गेला आणि विहिरींचे पाणी काळे पडले. ते माणसांच्या, गुराढोरांच्या वा शेतीच्या उपयोगाचे राहिले नाही.

जानेवारी १९८९ पासून हे उत्पादन बंद आहे. कारखाना बंद झाला की प्रदूषणही थांबते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात गाळ जागेवर असेपर्यंत प्रत्येक पावसाळा त्यातील विष विरघळवून खाली नेत राहतो. धुराडे थंडावले तरी जमिनीखालची वाटचाल चालूच राहते.

ही वाटचाल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती मोजावी लागते. एका विहिरीचे पाणी तपासून काहीच सिद्ध होत नाही. प्रथम किमान तीन विहिरींतील पाण्याची पातळी एकाच आधारपातळीपासून मोजून भूजल कोणत्या दिशेने वाहते हे ठरवावे लागते. मग कारखान्याच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला अनेक निरीक्षण विहिरी घेतात. वरची विहीर म्हणजे तुलनेचे माप. ती नसेल तर ‘हे क्षार येथील जमिनीतलेच आहेत’ असे म्हणावयास कारखानदार मोकळा राहतो. नमुना घेण्यापूर्वी नळीत साचलेले पाणी उपसून टाकावे लागते आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, वर्षानुवर्षे, त्याच ठिकाणच्या नोंदी घ्याव्या लागतात. कठीण खडकाच्या प्रदेशात पाणी भेगांमधून वाहते. त्यामुळे एक विहीर काळी तर शेजारची स्वच्छ, असे घडू शकते. आपल्या काळ्या पाषाणाच्या महाराष्ट्रालाही हे लागू आहे.

बिछडीतील पाहणी न्यायालयाच्या आदेशावरून नागपूरच्या ‘नीरी’ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने केली. सुमारे ३५० हेक्टर जमीन दूषित झाल्याचे आणि आवाराबाहेरही गाळ टाकल्याच्या सहा जागा असल्याचे तिने दाखवून दिले. सुमारे ७२० टन गाळ खड्ड्यांत साठवलेला होता. उरलेला मात्र परिसरात पसरून वर माती लोटून झाकला गेला होता. इतिहासाच्या अभ्यासकाला पुरावा दडपण्याचे प्रकार नवे नाहीत, परंतु येथे झाकलेला पुरावा स्वतःच पाण्यात उतरत होता.

शुद्धीकरणाचा क्रम यावरूनच ठरतो. आधी गाळ आणि त्याने माखलेली माती उचलून, तळाला अभेद्य अस्तर असलेल्या सुरक्षित खड्ड्यात बंद करावयाची. मग दूषित पाणी उपसून त्यावर प्रक्रिया करावयाची. उगम तसाच ठेवून पंप चालविणे म्हणजे गळक्या नळाखालची जमीन पुसत बसणे होय. शिवाय पंप बंद केल्यावर मातीच्या कणांना व खडकांच्या भेगांना चिकटलेली रसायने पुन्हा पाण्यात येऊ शकतात. म्हणून पाणी शुद्ध झाल्याचे जाहीर केल्यानंतरही निरीक्षण चालू ठेवावे लागते.

हा खर्च कोणी करावयाचा? १९८९ मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल दिला : प्रदूषण करणाऱ्यानेच. त्यात पीडितांची भरपाई तर येतेच, जमीन व पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही येतो. पुढे अर्जांमागून अर्ज होत राहिले. अखेर १८ जुलै २०११ रोजी न्यायालयाने ३७.३८५ कोटी रुपये, ४ नोव्हेंबर १९९७ पासून द.सा.द.शे. १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला. याचिकेपासून या आदेशापर्यंत बावीस वर्षे! तेवढ्या काळात बिछडीत जन्मलेले मूल मतदार झाले असेल.

आपले कित्येक माजी विद्यार्थी व पालक आज औद्योगिक वसाहतींच्या आसपास राहतात, कूपनलिकेचे पाणी पितात. त्यांच्यासाठी एक व्यावहारिक बाब नोंदवितो. पाण्याच्या नेहमीच्या चाचणीत क्षार, कठीणपणा, जंतू इत्यादी पाहिले जातात. औद्योगिक सेंद्रिय रसायनांची आणि जड धातूंची चाचणी वेगळी मागावी लागते. प्रयोगशाळेकडे नमुना देताना शेजारच्या कारखान्यात काय तयार होते, हे अवश्य लिहून द्यावे. अहवालावर नमुन्याची तारीख, विहिरीचे नेमके ठिकाण व त्या दिवशीची पाण्याची पातळी नोंदवून तो ग्रामपंचायतीच्या दप्तरी दाखल करावा, आणि पोच घ्यावी.