माफी मिळाली, मग भरपाई कशाला? – जक्कयाच्या गोष्टीतून एक मूल्यपाठ



मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात मधल्या सुट्टीत एक प्रसंग घडला. एका मुलाने भांडणाच्या रागात शेजारच्या मुलीचं चित्र टराटरा फाडलं. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "तिला सॉरी म्हण." तो म्हणाला. मी तिला म्हटलं, "चला, आता झालं गेलं विसरा." ती मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, पण माझं चित्र?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी चूक माझीही झाली. मी भांडण मिटवलं, पण नुकसान तसंच ठेवलं.

पुढे नाताळ आला. दरवर्षी आपण चांदणी, केक आणि सांताक्लॉज यांवरच थांबतो. या वेळी परिपाठात मी बायबलमधली जक्कयाची गोष्ट सांगितली. ती नव्या करारात, लूककृत शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात आहे.

गोष्ट अशी आहे

यरीहो नावाच्या गावात जक्कय हा जकातदारांचा प्रमुख होता. रोमी सत्तेसाठी कर गोळा करणारे हे लोक ठरल्यापेक्षा जास्त पैसे उकळत, म्हणून लोक त्यांचा तिरस्कार करत. जक्कय श्रीमंत होता, पण बुटका होता. येशू गावात आला तेव्हा गर्दीत काही दिसेना, म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला. येशूने वर पाहून त्याला नावाने हाक मारली आणि आज मी तुझ्याच घरी उतरणार असं सांगितलं. लोक कुजबुजू लागले, की हा पापी माणसाकडे कसा काय जातो! जक्कय मात्र उभा राहिला आणि म्हणाला, की मी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करतो.

यातून तीन गोष्टी दिसतात

1. प्रेम आधी, बदल नंतर. येशू त्याच्या घरी जायला निघाला तेव्हा जक्कयाने एक पैसाही परत केलेला नव्हता. ख्रिस्ती श्रद्धेत याला 'कृपा' म्हणतात. क्षमा ही पुण्याच्या बदल्यात मिळणारी मजुरी नाही, ते दान आहे.

2. क्षमा मिळाली म्हणून हिशोब संपत नाही. जुन्या करारातल्या नियमानुसार, अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा असे. म्हणजे 100 रुपयांचे 120. जक्कय 400 द्यायला तयार झाला! (गणिताच्या तासालाही हे उदाहरण चालतं.) त्याला कुणी दंड केला नव्हता. आपल्यावर कुणी प्रेम केलं, या जाणिवेतून ते आलं.

3. परिणाम मात्र राहतात. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या एका गुन्हेगाराने स्वतःची चूक मान्य केली. येशूने त्याला सुखलोकाचं आश्वासन दिलं, पण तो वधस्तंभावरून खाली उतरला नाही. आपण 'करावे तसे भरावे' म्हणतो. पौलानेही गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पेरणी-कापणीचाच दाखला दिला आहे.

मग श्रद्धा मोठी की कृती? पौल सांगतो, की तारण कर्मांनी नव्हे, कृपेने मिळतं. याकोब सांगतो, की कृतीशिवाय विश्वास निर्जीव आहे. वरवर हा विरोध वाटतो. पण पौल मुळाबद्दल बोलतो आणि याकोब फळाबद्दल. आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढलं. पुढे दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना केडगावात आसरा दिला. त्यांची श्रद्धा कामातून दिसली.

वर्गात काय केलं?

गोष्ट संपल्यावर मी कुणाचंही नाव न घेता विचारलं, "जक्कय नुसता सॉरी म्हणाला असता तर फसवलेल्या माणसाला काय मिळालं असतं?" वर्ग शांत झाला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा घरून कोरा चित्रकागद घेऊन आला. दोघांनी मिळून नवं चित्र रंगवलं. ते पहिल्यासारखं झालं नाही, आणि ती मुलगी तसं स्पष्ट म्हणालीही. मी तिला गप्प केलं नाही. कारण तेही खरंच होतं.

तेव्हापासून आमच्या वर्गात चूक झाली की तीन प्रश्न विचारतो:

- मी काय केलं?
- त्यामुळे कुणाचं काय नुकसान झालं?
- त्यातलं मी काय भरून देऊ शकतो?

पालकांना एक विनंती. मुलाने चूक कबूल केली की आधी त्याला जवळ घ्या. 'तू वाईट आहेस' असं म्हणू नका. पण मग नुकसान भरून द्यायला त्यालाच पाठवा. त्याच्या वतीने तुम्ही पैसे देऊन मोकळे होऊ नका. गोष्ट ख्रिस्ती धर्मग्रंथातली असली तरी हा धडा कुठल्याही घरात उपयोगी पडेल.

तुमच्या वर्गात 'सॉरी'नंतर काय होतं? जरूर कळवा.