तुमच्या धंद्यातलं ‘रीळ’ कोणतं? ६,००० डॉलरच्या थरारपटाचा धडा



“भांडवल जमलं की सुरू करू,” हे वाक्य आपल्याकडे रोज ऐकू येतं. आज त्याचं उत्तर एका सिनेमाच्या पडद्यामागे शोधूया. व्हिडिओत जे भराभर सांगितलं, ते इथे हिशेबासकट मांडतो. वही-पेन जवळ ठेवा.

ख्रिस्तोफर नोलन हे नाव आज सगळ्यांना माहीत आहे. त्याचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणजे १९९८ चा ‘फॉलोइंग’. लंडनमधला एक बेकार तरुण लेखक रस्त्यावरच्या अनोळखी लोकांचा पाठलाग करतो आणि एका घरफोड्याच्या नादी लागतो, अशी ही गुन्हेगारी कथा. खर्च साधारण ६,००० डॉलर. कलाकार आणि तंत्रज्ञ सगळे नोकरदार. त्यामुळे शूटिंग फक्त शनिवारी, आणि ते चाललं जवळजवळ वर्षभर.

धडा १ : सगळ्यात महाग वस्तू ओळखा

या सिनेमातली सगळ्यात महाग वस्तू होती कच्ची फिल्म, म्हणजे १६ मिलिमीटरची रिळं. नोलन ती स्वतःच्या पगारातून विकत घ्यायचा.

आता ढोबळ हिशेब करू. ४०० फुटांच्या एका रिळात जेमतेम ११ मिनिटांचं शूटिंग होतं. सिनेमा सुमारे ७० मिनिटांचा. प्रत्येक शॉटचे २ टेक घेतले तर १४० मिनिटं, म्हणजे १३ रिळं. तेच १० टेक घेतले तर ७०० मिनिटं, म्हणजे ६४ रिळं! गोष्ट तीच, माणसं तीच, पण खर्च जवळजवळ पाचपट.

धडा २ : महाग वस्तू वाचवायला स्वस्त वस्तू सढळ हाताने वापरा

मग त्याने काय केलं? तालमी. आपल्याकडे नाटकवाले करतात तशा, भरपूर. तालमीला रीळ लागत नाही. सगळं पाठ झाल्यावरच कॅमेरा सुरू व्हायचा आणि बहुतेक शॉट एक-दोन टेकमध्ये उरकायचे.

चांगला शिंपी महाग कापडाला कात्री लावण्याआधी कागदावर बेतून बघतो. फ्लेक्सवाला छापण्याआधी गिऱ्हाइकाकडून मजकूर तपासून घेतो. हीसुद्धा तालीमच आहे. चूक व्हायचीच असेल तर ती कागदावर होऊ द्या, कापडावर नको.

धडा ३ : हाताशी आहे त्यात बसेल असंच काम आखा

शूटिंगच्या जागा म्हणजे मित्रांची आणि नातेवाइकांची घरं. गोष्टच घरफोडीची, त्यामुळे साधी राहती घरं तिथे शोभूनच दिसली. महागडे लाइट नव्हते, म्हणून बहुतेक ठिकाणी मिळेल त्या उजेडात काम केलं. फिल्म कृष्णधवल, त्यामुळे रंगांचा मेळ घालत बसावं लागलं नाही. कॅमेरा बराचसा हातात धरलेला. पाठलागाच्या गोष्टीला तेही साजेसं झालं.

म्हणजे आधी मोठं स्वप्न आणि मग त्यासाठी कर्ज, असं नाही. आधी हाताशी काय आहे ते पाहिलं आणि त्यातून माल घडवला.

आता सावध व्हा!

६,००० डॉलर हा आकडा ऐकून फसू नका. त्यात वर्षभराच्या शनिवारांची मजुरी धरलेली नाही. घरांचं भाडंही नाही. सिनेमा एकदाच बनतो, म्हणून ते चालून गेलं. तुमचा धंदा रोज चालायचा आहे.

समजा, तुम्ही फराळाचा डबा ४०० रुपयांना विकता. सामान ३०० रुपयांचं. तुम्ही म्हणता, १०० रुपये नफा. पण आई आणि वहिनी तासन् तास राबल्या, त्याचं काय? ऑर्डरी वाढल्या, बाई कामाला ठेवली, तिची मजुरी डब्यामागे १२० रुपये पडली, की प्रत्येक डब्यामागे २० रुपये तोटा. जितकी विक्री जास्त, तितका खड्डा मोठा! कित्येक घरगुती धंदे ऐन भरात आले असतानाच बसतात, ते याच कारणाने.

घरच्यांची मदत जरूर घ्या. पण वहीत तिची रक्कम लिहा आणि दर ठरवताना ती धरा. आज तो पैसा तुम्ही देत नसाल, तरी तो खर्च आहेच.

आजचा गृहपाठ

वहीच्या एका पानावर तीन रकाने पाडा.

१. माझ्या धंद्यातलं ‘रीळ’ कोणतं? वाया गेलं की सगळ्यात जास्त पैसा बुडतो ती एकच वस्तू लिहा.
२. ते वाचवण्यासाठी मी आधी कोणती ‘तालीम’ करू शकतो?
३. आज मला काय काय फुकट मिळतंय? प्रत्येकापुढे बाजारभाव लिहा.

तिसऱ्या रकान्याची बेरीज तुमच्या नफ्यापेक्षा जास्त आली, तर नवी ऑर्डर घेण्याआधी दर पुन्हा ठरवा. हे काम उद्यावर ढकलू नका, आज रात्रीच वही उघडा.