यात्रेच्या ट्रॉलीतील सायकली

प्रश्न : रामनवमीस पोहरादेवीच्या यात्रेला राहुटीचे सामान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेतो, मुलांच्या दोन सायकली त्यातच कशा न्याव्यात?
– एक वाचक, मंगरूळपीर

उत्तर : सायकली ट्रॉलीबाहेर लटकवण्याचा मोह आवरावा, कारण मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार वाहनाच्या बाजूबाहेर आलेल्या भारास २० हजार रुपये दंड आहे. सामान चढण्यापूर्वीच त्या पुढच्या फाळक्यास परस्परविरुद्ध दिशांनी टेकवून, एकीचे पायडल दुसरीच्या आऱ्यांत शिरू नये म्हणून मध्ये गोणपाट घालून, चाकांस नव्हे तर सांगाड्यास जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळाव्यात. सुतळी हिसक्यांनी सैलावते, रबर ताण धरून राहते. मुक्कामी साखळी दोन्ही सांगाड्यांतून व ट्रॉलीच्या लोखंडी कडीतून ओवून कुलूप लावावे. केवळ चाकास कुलूप घातलेली सायकल त्या अफाट गर्दीत कोणीही खांद्यावर टाकून नेईल, आणि मग फिर्याद, पंचनामा वगैरे सोपस्कार आलेच.