साठ संगणक, एक फाईल : ऑटोमेशन टूल्सच्या नेहमीच्या भानगडी



आपल्या लॅबमध्ये साठ संगणक आहेत. प्रत्येकावर लिनक्स, कंपायलर, डेटाबेस, प्रॅक्टिकल परीक्षेचा वेगळा लॉगिन असं बरंच काही लागतं. पूर्वी सेमिस्टर सुरू होण्याआधी लॅबचे काका आणि दोन-तीन मुलं एकेका मशीनसमोर बसून हे सगळं टाकायचे. चार दिवस जायचे आणि तरी सदतिसाव्या मशीनवर काहीतरी राहून जायचंच. ज्याचा नंबर त्या मशीनवर लागायचा, त्याचा व्हायव्हा तिथेच अर्धा संपायचा!

हे काम एका फाईलमध्ये लिहून सगळ्या मशीन्सवर एकदम करता येतं. त्यासाठीच्या टूल्सना कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट टूल्स म्हणतात. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ओस्लो इथे सीएफइंजिन लिहिलं, ते या घराण्यातलं आजोबा. मग २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ, २०११ मध्ये सॉल्ट आणि २०१२ मध्ये अनसिबल आलं. तत्त्व सगळ्यांचं एकच: मशीनला "हे कर, ते कर" असं सांगायचं नाही, "शेवटी तू असं दिसायला हवंस" असं सांगायचं. आधीच तसं असेल तर टूल काहीच करत नाही. म्हणून तीच फाईल दहा वेळा चालवली तरी बिघडत नाही.

निदान पुस्तकात तरी असं लिहिलंय. प्रत्यक्षात काय होतं, ते मी स्वतः केलेल्या एका पराक्रमावरून सांगते. (मराठी विभाग आहे म्हणून कमांडसुद्धा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना कृपया इंग्रजीत करा!)

सगळं हिरवं आणि सगळं बंद

प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. संध्याकाळी सहा वाजता मी अनसिबलची प्लेबुक चालवली. काम साधं होतं. एसएसएचच्या फाईलमध्ये 'अलाउ युजर्स' ही ओळ टाकायची, म्हणजे परीक्षेच्या वेळी लॅबच्या ॲडमिनशिवाय कोणी दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरणार नाही. प्लेबुक संपली. रिकॅपमध्ये साठच्या साठ मशीन्स ओके, फेल्ड शून्य, अनरीचेबल शून्य. मी खूश!

पाच मिनिटांनी दुसरी प्लेबुक चालवायला गेले तर साठही ओळी लाल. 'परमिशन डिनाइड.'

मी काय केलं होतं? 'अलाउ युजर्स'च्या पुढे ॲडमिनच्या नावात एक अक्षर चुकवलं होतं. एसएसएचने आज्ञा तंतोतंत पाळली. त्या चुकलेल्या नावाच्या माणसाशिवाय कोणालाही आत घ्यायचं नाही, आणि तसा माणूस तर अस्तित्वातच नव्हता. पहिल्या वेळी सगळं हिरवं दिसलं कारण अनसिबलचं जोडलेलं कनेक्शन चालू होतं आणि एसएसएच रीस्टार्ट अगदी शेवटी झालं. चालू असलेलं कनेक्शन त्याने तुटत नाही. नवीन कनेक्शन मात्र मिळत नाही.

खरं सांगायचं तर माझ्या तोंडात पहिलं वाक्य आलं होतं, "काका, नेटवर्क गेलंय बहुतेक." काकांनी एवढंच विचारलं, "अगं, शेवटचं काय बदललं ते आधी सांग." मग सांगावंच लागलं.

आता साठ मशीन्सवर हाताने जायचं. प्रत्येकाला कीबोर्डवरून लॉगिन करायचं, ती ओळ दुरुस्त करायची, सर्व्हिस रीस्टार्ट करायची. एका मशीनला तीन मिनिटं धरली तरी तीन तास. आणि मुलींच्या हॉस्टेलचं गेट आठला बंद! माझ्या हातून जेमतेम वीस मशीन्स झाल्या. उरलेल्या चाळीस काका आणि वर्गातल्या दोन मुलांनी केल्या. चूक माझी, जागरण त्यांचं. परीक्षा वेळेवर झाली, पण ती रात्र मी विसरले नाही. हा लेख त्या उधारीपोटी आहे असं समजा.

पाणी कुठपर्यंत आलंय?

आपल्या शहरातली पाणचक्की सगळ्यांनी पाहिली आहे. लांबच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालून मातीच्या नळांतून तिथे आणलं होतं. समजा चक्की थांबली, तर शहाणा माणूस आधी जातं खोलून बसणार नाही. तो झऱ्यापासून निघेल आणि पाणी कुठपर्यंत पोचलंय ते बघत येईल. जिथे पाणी संपलं, तिथे बिघाड.

ऑटोमेशन टूलचंही तसंच. नेटवर्क, मग लॉगिन, मग पायथॉन, मग सुडोचा अधिकार, मग व्हेरिएबल, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी सर्व्हिस. हा क्रम सोडून उड्या मारल्या की तास-दोन तास गेलेच. या क्रमाने नेहमीच्या भानगडी बघूया.

१. अनरीचेबल की फेल्ड? हे दोन शब्द सारखे नाहीत. अनरीचेबल म्हणजे टूल मशीनच्या दारापर्यंतच पोचलं नाही किंवा दाराने आत घेतलं नाही. फेल्ड म्हणजे आत गेलं पण काम झालं नाही. अनरीचेबल असेल तर प्लेबुक वाचत बसू नका. वीज आहे का, डीएचसीपीने आयपी बदलला का, बावीस नंबरचं पोर्ट उघडं आहे का ते बघा. 'अनसिबल ऑल डॅश एम पिंग' ही कमांड आधी चालवा. हे नेहमीचं पिंग नव्हे. यात अनसिबल लॉगिन करून, पायथॉन चालवून 'पाँग' असं उत्तर आणतं. म्हणजे पहिले तीन टप्पे एका दमात तपासले जातात. मशीनवर पायथॉनच नसेल तर 'रॉ' मॉड्यूल वापरून ते आधी टाकता येतं.

२. फॉरमॅट केलेलं मशीन. मशीन नव्याने फॉरमॅट केलं की त्याची एसएसएच होस्ट की बदलते. तुमच्या संगणकाला वाटतं की दुसराच कोणी त्या नावाने बसलाय, आणि तो नकार देतो. 'नोन होस्ट्स' फाईलमधली जुनी नोंद काढली की झालं. पपेटमध्ये हेच सर्टिफिकेटच्या बाबतीत होतं. सर्व्हरकडे त्या नावाचं जुनं सर्टिफिकेट असतं आणि मशीन नवीन की घेऊन येतं. सर्व्हरवरून जुनं काढा, मग एजंट पुन्हा चालवा.

३. घड्याळ. हे वाचून हसू नका. जुन्या मशीनचा मदरबोर्डवरचा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कुठल्या कुठे मागे जाते. पपेटची सगळी भिस्त सर्टिफिकेटवर असते. मशीनच्या मते आज जर कित्येक वर्षांपूर्वीचा दिवस असेल तर सर्टिफिकेट "अजून लागूच झालेलं नाही" असं ठरतं. एरर एसएसएलचा येतो, उपाय नाण्याएवढ्या सेलचा असतो. सेल बदला आणि वेळ नेटवर्कवरून घेण्याची सर्व्हिस चालू ठेवा.

४. याम्लची खोडी. अनसिबलची फाईल याम्लमध्ये असते. टॅब चालत नाही, स्पेसच हवी. पण स्पेसची चूक निदान लगेच दिसते. न दिसणाऱ्या चुका जास्त वाईट. कोट न करता 'नो' लिहिलं तर याम्ल त्याला 'फॉल्स' समजतं. मग टेम्प्लेटमधून एसएसएचच्या फाईलमध्ये 'परमिट रूट लॉगिन फॉल्स' असं छापलं जातं आणि एसएसएच म्हणतं, मला हे कळत नाही. दुसरं उदाहरण फाईलच्या परवानगीचं. ०६४४ ऐवजी नुसतं ६४४ लिहिलं तर तो दशमान आकडा धरला जातो. दशमान ६४४ म्हणजे ऑक्टल १२०४. परिणाम असा की फाईलचा मालक ती वाचू शकत नाही आणि बाहेरचा वाचू शकतो! उपाय सोपा: असे शब्द आणि आकडे कोटमध्ये लिहा.

५. कोणतं व्हेरिएबल जिंकलं? एकच व्हेरिएबल रोलच्या डिफॉल्टमध्ये, ग्रुपमध्ये, होस्टमध्ये आणि कमांडवर असं चार ठिकाणी असू शकतं. रोलचा डिफॉल्ट सगळ्यात कमजोर, कमांडवर दिलेलं सगळ्यात जोरदार. डोक्याने अंदाज करू नका. 'डीबग' मॉड्यूलने त्याची किंमत छापून बघा. काहीच कळत नसेल तर कमांडच्या शेवटी तीन 'व्ही' लावा. खूप मजकूर येतो, पण खरं कारण बहुधा त्यातच असतं.

६. कुलूप लागलेलं. उबंटूवर 'कुड नॉट गेट लॉक' असा एरर आला तर घाबरून लॉकची फाईल डिलीट करू नका. बहुतेक वेळा मशीन स्वतःच मागे अपडेट करत असतं. थांबा, किंवा प्लेबुकमध्ये लॉकसाठी थांबण्याची मुदत वाढवा. आणि साठ मशीन्सनी एकाच वेळी तीच पॅकेजेस इंटरनेटवरून ओढली तर काय होतं ते हॉस्टेलवर मॅचच्या दिवशी सगळ्यांनी अनुभवलंय. एका मशीनवर पॅकेजेस साठवून बाकीच्यांनी तिथून घ्यावीत.

७. फाईल नवी, सर्व्हिस जुनी. माझ्या मते ही सगळ्यात फसवी भानगड. अनसिबलमध्ये फाईल बदलली तरच हँडलर सर्व्हिस रीस्टार्ट करतो, आणि तोही प्लेच्या शेवटी. मध्येच दुसरं एखादं काम फेल झालं तर हँडलर चालतच नाही. तुम्ही चूक दुरुस्त करून पुन्हा चालवता. आता फाईल आधीच बरोबर असते, म्हणून "बदल नाही", म्हणून रीस्टार्ट नाही. फाईल उघडून बघितली तर नवीन, सर्व्हिस वागते जुन्यासारखी. अशा वेळी हाताने रीस्टार्ट करा, किंवा पुढच्या वेळेपासून 'फोर्स हँडलर्स' वापरा.

८. हाताने केलेला बदल गायब. पपेटचा एजंट मूळ सेटिंगप्रमाणे दर तीस मिनिटांनी चालतो आणि मशीनला ठरल्या रूपात परत आणतो. तुम्ही थेट मशीनवर जाऊन काही दुरुस्त केलंत तर अर्ध्या तासात ते पुसलं जाईल. मशीनला भूत लागलेलं नाही. बदल सर्व्हरवरच्या मूळ फाईलमध्ये करा.

९. दर वेळी 'चेंज्ड'. 'शेल' मॉड्यूलने फाईलच्या शेवटी ओळ जोडली तर दहा वेळा चालवल्यावर दहा ओळी होतात. त्यासाठी 'लाइन इन फाईल' मॉड्यूल आहे. ओळ असेल तर ते गप्प बसतं.

मोठ्यांच्याही चुका होतात

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ब्रोकर कंपनीने नवीन प्रोग्राम आठ सर्व्हरवर टाकायला घेतला होता. हाताने टाकताना सातवर गेला, एक राहिला. १ ऑगस्टला त्या एका सर्व्हरवर जुना कोड जागा झाला आणि सुमारे पंचेचाळीस मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. आपलं सदतिसावं मशीन आठवलं ना?

उलट उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष कॉन्फिगरेशन अपडेट जगभर सोडलं. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत मागे घेतलं, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन्स कोसळल्या होत्या. आपल्या देशातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. बंद पडलेल्या कितीतरी मशीन्सवर माणसाला स्वतः जावं लागलं, अगदी आमच्या काकांसारखं. त्यानंतर कंपनीने अशी अपडेट्स टप्प्याटप्प्याने सोडायचं ठरवलं.

म्हणजे हाताने केलं तर एक सुटतो, आपोआप केलं तर सगळे एकदम पडतात. टूल चुकीचं नाही. ते आपली चूकही तितक्याच इमानदारीने साठ ठिकाणी पोचवतं, एवढंच.

आता आमच्या लॅबच्या भिंतीवर काय लावलंय

१. चालवण्याआधी 'चेक' आणि 'डिफ' लावून काय बदलणार ते बघा. शेल कमांड चेकमध्ये चालत नाहीत, हे लक्षात ठेवा.
२. सुडो आणि एसएसएचच्या फाईलला 'व्हॅलिडेट' लावा. यात फक्त व्याकरण तपासलं जातं. माझी चूक व्याकरणात बसत होती, अर्थात नव्हती!
३. म्हणून आधी 'लिमिट' लावून एकाच मशीनवर चालवा. मग नवीन खिडकी उघडून नव्याने लॉगिन होतं का ते बघा. जुनी खिडकी तोवर बंद करू नका.
४. मग पाच मशीन्स, मग बाकीच्या. यासाठी 'सिरियल' आहे.
५. फाईल्स गिटमध्ये ठेवा. "शेवटचं काय बदललं" याचं उत्तर आठवणीवर सोडू नका.
६. परीक्षेच्या आदल्या दिवशी काहीही बदलू नका.

सहावा नियम काकांनी स्वतःच्या हाताने, लाल पेनने लिहिला आहे.

शेवटी एवढंच सांगावंसं वाटतं. मशीनचा बिघाड शोधायला सगळ्यात जास्त वेळ तेव्हा लागतो, जेव्हा बदल करणारा माणूस गप्प बसतो. मी "नेटवर्क गेलंय" असं म्हणून निघून गेले असते, तर त्या तिघांनी आधी स्विच आणि केबल तपासण्यात अर्धी रात्र घालवली असती आणि सकाळी परीक्षा झाली नसती. तेव्हा चूक झाली तर आधी सांगा, लाज नंतर वाटू द्या.